पंखा चारवर

पुलाच्या चढावर गाडीतल्या हीटरचा पंखा बंद पडला, आणि ते त्याला आधी कानांनी कळलं, मग बोटांनी. थंडी सुरू झाल्यापासूनचे दोन महिने ती घरघर इतकी अंगवळणी पडली होती, की ती थांबली तेव्हा खोलीतून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. त्याने बटण चारवरून शून्यावर नेलं, पुन्हा चारवर आणलं. काही नाही. डॅशबोर्डच्या जाळीपुढे तळवा धरला. इंजिन तापलेलं होतं, आत कुठेतरी गरम हवा असणारच, पण तिला बाहेर ढकलणारं कुणी उरलं नव्हतं. समोरची काच कडांनी धुरकटू लागली. "पंखा गेला वाटतं," तो म्हणाला. शेजारी बसलेल्या बायकोने मांडीवरची पिशवी जवळ ओढली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. त्या शांततेत त्याला एक बारीक आवाज ऐकू यायला लागला. दाराचं रबर सुटलं की फटीतून वारा शिरताना असा आवाज होतो; संध्याकाळी बघायला हवं, असं त्याने मनात म्हटलंसुद्धा. पुढे लाल दिवा लागला. गाडी थांबली, वारा थांबला, आवाज मात्र चालूच राहिला. आत येताना आखूड, बाहेर जाताना लांब, आणि शेवटाला वाळक्या पानावर पाय पडावा तशी एक करकर. पुन्हा आखूड, पुन्हा लांब. दाराचा आवाज नव्हता तो. बायको श्वास घेत होती.

त्याचा धंदाच मुळी ऐकण्याचा. टेलिफोनच्या तपासणी कक्षात त्याची एकतीस वर्षं गेली होती. तक्रार आलेल्या लाइनीला आपली तार जोडायची, हेडफोन कानाला लावायचा आणि बिघाड कुठे आहे ते सांगायचं. केबलमध्ये पाणी शिरलं असेल तर चुरचुर येते, तापल्या तव्यावर थेंब पडल्यासारखी. जोड सैल असेल तर तुटक खरखर. उंदराने कुरतडलेली वायर त्याला कुरतडलेलीच ऐकू यायची. बरोबरचे लोक त्याला मांजर म्हणायचे. लग्नात बायकोच्या थोरल्या मामांनी सगळ्यांना बजावलं होतं, "जावई फोनवाले आहेत, हळू बोला, भिंतीपलीकडचं ऐकतील," आणि मांडव हसला होता. बायकोही हसली होती, खाली मान घालून, पण खांदे हलताना त्याला दिसले होते. हा असा माणूस रोज सकाळी चाळीस मिनिटं त्या बाईपासून हातभर अंतरावर बसत होता. दिवा हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला. बायकोने पिशवीतून फडकं काढून त्याच्या समोरची काच पुसली आणि पुसून होताच दोन्ही हात मांडीवर टेकून थोडा वेळ तशीच बसून राहिली. हातभर काच पुसायला जेवढी दमणूक व्हावी, त्यापेक्षा ही फार जास्त होती.

ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर मुख्य होती. फाटकापाशी त्याने गाडी उभी केली, तेव्हा ती लगेच उतरली नाही. पिशवीत हात घालून काहीतरी शोधू लागली. "काय हरवलं?" त्याने विचारलं. "पास हो. इथेच ठेवला होता." पास तिच्या गळ्यात होता. कोटाच्या दोन बटणांमधून त्याची निळी दोरी दिसत होती. त्याने ते सांगितलं नाही, कारण सांगता सांगता त्याला आठवलं की ती रोजच इथे काहीतरी शोधते. कधी चष्म्याचं घर, कधी रुमाल, कधी किल्ली. दोन मिनिटं, कधी तीन. मग काही न सापडताच पिशवी बंद करते आणि "बरं, येते" म्हणून उतरते. आपली बायको वयाबरोबर वेंधळी होत चालली आहे, असा त्याचा समज होता आणि त्यावर त्याने दोनदा विनोदही केला होता. आज पंखा नसल्यामुळे त्याला त्या शोधण्याचा आवाज ऐकू आला. बोटं पिशवीत काहीच हलवत नव्हती. ती फक्त श्वास जमवत होती, फाटकापासून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या जिन्यासाठी.

ऑफिसात त्याच्या कक्षात पूर्वी बारा टेबलं होती, आता तीनच चालू होती. लोकांच्या घरातले फोनच गेले, तर बिघाड कुठून येणार? त्या दिवशी अकरा तक्रारी होत्या. तो हेडफोन लावून बसला, पण प्रत्येक लाइनीच्या तळाशी त्याला तीच करकर ऐकू येत होती. कधीपासून? तो मागे मागे जात राहिला. उन्हाळ्यात तिने बाजारातून येताना पिशव्या त्याच्याकडे द्यायला सुरुवात केली. हात दुखतो म्हणाली. पावसाळ्यात ती दोन उशा घेऊन झोपू लागली. आंबट ढेकर येतात म्हणाली. मग ती फोनवर बोलताना बाहेरच्या गॅलरीत जायला लागली. धाकट्या बहिणीशी काहीतरी गुजगोष्टी असतील म्हणून त्यानेही कान दिला नाही. या प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण त्याला पटलं होतं. आणि मग त्याला वडील आठवले. त्यांच्या शेवटच्या वर्षी वडील पलीकडच्या खोलीत खोकायचे आणि तो अलीकडे भिंतीशी खुर्ची लावून बसायचा. वहीत खोकले लिहायचा: वेळ, किती, कोरडा की ओला. डॉक्टरला उपयोग होईल म्हणून. डॉक्टरने ती वही कधी उघडली नाही. एके दिवशी वडील काठी टेकत दारात आले, त्याच्या हातातल्या वहीकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, निदान खोकू तरी दे मला मोकळेपणाने." ते बोलणं त्या वेळी त्याला म्हाताऱ्याचा चिडचिडेपणा वाटलं होतं. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, "काय रे मांजरा, कान दुखतात?" "नाही," तो म्हणाला, "गाडीचा पंखा गेलाय."

विचारायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. विचारलं की उत्तर मिळतं, हेही कळत होतं. म्हणून त्याने पंख्याचं मनावर घेतलं. संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीत शिरला, डॅशबोर्डच्या खालची फ्यूजची डबी उघडली, हीटरचा फ्यूज चिमट्याने काढून उजेडात धरला. आतली तार शाबूत होती. तरी त्याने दुसरा घालून बघितला. मग बायकोच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत उताणा झोपून वर हात घातला आणि मोटरच्या डब्यावर मुठीने दोन ठोसे मारले. पंखा गुरगुरला, चारेक सेकंद फिरला आणि पुन्हा गप्प झाला. म्हणजे वीज येतेय, मोटरच हट्टाला पेटलीय. तेवढं कळल्यावर त्याला विलक्षण बरं वाटलं. किती दिवसांनी एखादा बिघाड त्याला हाताने शोधावा लागला होता. घरात येऊन तो बायकोला म्हणाला, "फ्यूज नाही. मोटर आहे. शनिवारी दाखवतो." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "घाई नाही हो," ती म्हणाली, आणि मग जरा वेळाने, तोंड न फिरवता, "पण शनिवारी नक्की होईल ना?"

मंगळवारी आणि बुधवारी दोघं कोट घालून, मफलर गुंडाळून, खिडक्या बोटभर उघड्या ठेवून गेले, नाहीतर काच धुरकटायची. मंगळवारी बायको बोलत राहिली. एरवी गाडीत चार वाक्यं न बोलणारी ही बाई कारखान्यातल्या नव्या मशिनीबद्दल, निळ्या कापडाच्या ताग्यात निघालेल्या डागाबद्दल, कुठल्यातरी मुलीच्या बाळंतपणाबद्दल बोलत होती, आणि वाक्यं मध्येच संपत होती, जिन्यावर पायरी नसावी तशी. ती तिथे थांबायची, घास गिळल्यासारखं करायची आणि नवं वाक्य सुरू करायची. त्याने "हो का", "मग" असं म्हणत तिला साथ दिली. तिला बोलायला लावणं म्हणजे तिला दमवणं आहे, हे पूल ओलांडल्यावर त्याच्या लक्षात आलं. बुधवारी तिने रेडिओ लावला, मोठ्याने, आणि दोघांनी हवामानाचा अंदाज फार मन लावून ऐकला. गुरुवारी सकाळी ती चपला घालता घालता म्हणाली, "मी दोन दिवस बसने जाते. तुम्हाला सारखं काच पुसत गाडी चालवायला नको, उगीच धोका." तो "बरं" म्हणाला. दार लागलं. आणि त्याला हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरावा इतकं हायसं. तो तसाच दारामागे उभा राहिला, त्या हायसं वाटण्यासकट. खाली जिन्यावर तिची पावलं ऐकू येत होती. पहिल्या वळणावर ती थांबली. त्याने कान काढून घेतला, म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन फ्यूजकाकांकडे गेला. हे गाडीची वायरिंग करणारे सत्तरीचे गृहस्थ. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक काहीही सांगत आलं तरी "फ्यूज बघितला का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "बघितला काका. ठोकला की फिरतो चार सेकंद." "मग अर्धं काम तुम्हीच केलं, आता पैसे कुणी कुणाला द्यायचे?" असं म्हणून ते दोन उशांवर गुडघे टेकून गाडीत वाकले. तीन स्क्रू, एक सांधा, आणि मोटर पंख्यासकट हातात आली, एखादं मेलेलं कासव उचलावं तशी. त्यांनी मागचं झाकण काढून त्याला दाखवलं. आत कोळशाचे दोन तुकडे असतात, त्यांतून वीज फिरत्या भागात जाते; ते झिजून नखाएवढे राहिले होते. "ब्रश संपलेत. आणि इतक्यात संपायला नको होते. पंखा कितीवर चालवता?" "चारवर." "सारखा?" "हो. खालचे तीन चालत नाहीत ना." फ्यूजकाकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. त्यांनी नवी मोटर बसवली, किल्ली फिरवली आणि बटण एकवर आणलं. जाळीतून हलकीशी झुळूक आली. दोनवर जरा जास्त. तीनवर आणखी. आवाज म्हणाल तर पान हलावं एवढाच. "कोण म्हणतं चालत नाहीत? ही बटणामागची तार बघा, नवीकोरी. एक-दोन-तीन कधी गेलेच नव्हते, साहेब. तुम्ही स्वतः फिरवून बघितलं होतं का?"

त्याने बघितलं नव्हतं. थंडी सुरू झाली त्या आठवड्यात बायको म्हणाली होती, "अहो, पंख्याचे खालचे नंबर बिघडलेत वाटतं, चारवरच ठेवत जा." आणि बटणाला हात लावायचा तो तिनेच. गाडीत बसली, पट्टा लावला, की तिचा हात आधी तिथे जायचा. दुसऱ्यांच्या लाइनी तपासण्यात ज्याने जन्म काढला, त्याने आपल्या गाडीतलं एक बटण फिरवून बघितलं नव्हतं. "मोटर नवी आहे, चारवरसुद्धा आवाज करणार नाही," फ्यूजकाका हात पुसत सांगत होते. "गाडीत बोललेलं ऐकू येईल आता." त्याला जुन्या मोटरबद्दल विचारावंसं वाटलं, तिचेच ब्रश बदलून तीच परत बसवता येईल का. विचार तोंडापर्यंत आला होता. त्याने तो गिळला आणि जुनी मोटर तिथेच सोडून निघाला.

शनिवारी कारखाना दुपारी दोनला सुटतो. तो न सांगता तिला आणायला निघाला, पण वाटेत गर्दी लागली आणि तो घराजवळच्या बसथांब्यापाशी पोचला तेव्हा ती बसमधून उतरत होती. त्याने गाडी कडेला घेतली. तिने त्याला पाहिलं नव्हतं. बस निघून गेली. ती दोन पावलं चालली, थांब्याचा खांब धरला, आणि मग बंद दुकानाच्या पायरीवर बसली. माणूस थकून बसतो तशी नाही. ठरलेल्या जागी बसतो तशी. कोपर गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडं, ओठ फुंकर घातल्यासारखे गोल. कुणीतरी शिकवलेलं दिसत होतं ते. तो काचेआडून बघत राहिला आणि मोजतोय हे लक्षात येताच मोजायचं थांबला. वयाची बावन्न वर्षं, त्यातली सत्तावीस त्याच्याबरोबर. कोट तिला मोठा होत होता. हे कधी झालं? तो उतरला. ती त्याला बघून उठायला लागली, तसा तो म्हणाला, "बस. बस गं." आणि स्वतःही त्या गार पायरीवर टेकला. रस्त्यावरून एक बाई कुत्र्याला ओढत नेत होती आणि कुत्रं तिला. मग दोघं गाडीत जाऊन बसले. त्याने पंखा एकवर लावला.

तिने बटणाकडे बघितलं. मग त्याच्याकडे. "झाला का दुरुस्त?" ती म्हणाली.

"खालचे तीन चालतात."

"हं."

"कधीपासून आहे हे?"

"चार महिने झाले कळून. त्याआधी किती, ते डॉक्टरही सांगत नाही." ती तुकड्यातुकड्यांत बोलत होती, पण आता थांबलेलं लपवत नव्हती. "फुप्फुसं कडक होत जातात म्हणे. कातडं वाळतं तशी. औषध आहे, पण ते फक्त जरा हळू करतं. धाकटी येते बरोबर. फाइल तिच्याकडेच ठेवलीय."

"आणि मला?" त्याचा आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मी कोण आहे? शेजारी?"

"रागावू नका. मला रागाला उत्तर द्यायला दम नाही." ती जाळीतून येणाऱ्या हवेवर हात धरून बसली. "मामंजींच्या वेळी मी बघितलंय तुम्हाला. भिंतीला खुर्ची लावून बसायचात. वही भरली होती तुमची. ते बिचारे उशीत तोंड घालून खोकायचे, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. तुम्हाला ठाऊक नाही. मी त्यांच्या उशीचे अभ्रे धुवायचे, मला ठाऊक आहे." ती थांबली. काचेवर वाफ धरली नव्हती, बाहेरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. "घरात मी दाराआड, नळाआड श्वास घ्यायचे. कारखान्यात मशिनी आहेत. आणि सकाळी गाडीत चाळीस मिनिटं पंखा असायचा. कसाही घ्या, करकर होऊ दे, कुणी ऐकत नाही. तुमच्याच शेजारी बसून. मला बरं वाटायचं हो ते. खरंच सांगते."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. की मी ऐकलं सोमवारी, पुलावरच. की पाच दिवस मीही ऐकलं नाही असंच केलं, आणि गुरुवारी तू बसने गेलीस तेव्हा मला हायसं वाटलं. यातलं शेवटचं तो कधीच कुणाला सांगणार नव्हता. ते त्याच्यापाशीच राहणार होतं. तो फक्त म्हणाला, "धाकटीकडे जाऊ या. फाइल आणू."

मेहुणी तिसऱ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नव्हती. बायको गाडीतच बसली. मेहुणीने दार उघडलं, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता आत जाऊन कपाटातून फाइल आणली. "भावोजी, मी शंभरदा म्हटलं ताईला," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण दोन्ही हातांत फाइल होती. खाली उतरताना पहिल्या मजल्यावरच्या खिडकीपाशी थांबून त्याने ती उघडली. आकडे त्याला वाचता येत होते, आकड्यांना तो भीत नव्हता. फुप्फुसांची ताकद मोजायची फुंकण्याची तपासणी दोनदा झाली होती. पहिल्यांदा शंभरातले अठ्ठावन्न, तीन महिन्यांनी एकावन्न. त्याने वजाबाकी केली, आणि मग तीन महिन्यांनी सात, तर सहा महिन्यांनी किती, असं मन आपोआप पुढे जायला लागलं तसं त्याने बोट पानावर दाबून धरलं. फाइलमधलं सगळ्यात पहिलं पान दवाखान्याच्या अर्जाचं होतं, तिच्या हातचं. 'सोबत कोण' या रकान्यात तिने आधी 'पती' लिहिलं होतं. ते एका सरळ रेघेने खोडलं होतं, कापडावर खडूने आखावी तशा, आणि पुढे लिहिलं होतं 'बहीण'. तो त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिला. वरून कुणीतरी बादली घेऊन उतरत होतं, त्याने भिंतीला लागून वाट दिली.

गाडीत तिचे डोळे मिटलेले होते, पण ती झोपलेली नव्हती. त्याने फाइल मागच्या सीटवर ठेवली आणि दार हळूच लावून घेतलं.

"वाचलीत?"

"हो."

"सगळी?"

"सगळी." त्याने गाडी सुरू केली नाही. "पुढची तारीख मंगळवारची आहे. मी येतो."

"तुम्हाला सुटी?"

"काढतो."

ती म्हणाली, "तिथेही जिना आहे. मला दोनदा थांबावं लागतं मध्ये. लोक वळून बघतात."

"थांबू," तो म्हणाला.